पैसे रात्री मुक्कामाला कुठे असतात?

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

मागच्या अंकात आंब्याच्या ऑनलाइन विक्रीवर चार ओळी लिहिल्या आणि देवगडपासून दापोलीपर्यंत पत्रं नि व्हॉट्सॲप मेसेज यायला लागले. जवळजवळ सगळ्यांचं विचारणं एकच, की अमुक कंपनी पैसे घेते-देते, तिच्यावर विश्वास ठेवावा का. मी २९ वर्षं बँकेत काढली, काउंटरवरही बसलो आणि तक्रारींच्या टेबलावरही, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पाच निवडलीयत, नावं मुद्दाम छापत नाही.

देवगड तालुक्यातले एक बागायतदार लिहितात: "आमची साडेतीनशे कलमं आहेत. तीन वर्षांपासून वाशीला पेट्या कमी पाठवतो, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना डायरेक्ट देतो. परवा एक मुलगा आला, कंपनीचा टी-शर्ट, हातात टॅब. म्हणाला आमची पेमेंट लिंक घ्या, कार्ड, यूपीआय, नेटबँकिंग सगळं चालेल, पैसे त्याच दिवशी खात्यात. आधार, पॅन, कॅन्सल चेक मागतोय. कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. काय करू?"

दादा, तुम्ही वाशीला माल पाठवत आलात ना, मग हा धंदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. पेट्या तुमच्या, विकणार अडत्या, पैसे आधी त्याच्या हातात पडणार, मग हमाली, भाडं, अडत कापून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब नि पैसे, येणार. तुम्ही अडत्या कसा निवडलात? गाळा कुठे आहे ते बघितलंत, त्याच्याकडे आधीपासून माल टाकणाऱ्यांना विचारलंत, पट्टी वेळेवर येते का ते पारखलंत, पहिल्या वर्षी पन्नासच पेट्या टाकल्यात. पेमेंट कंपनी म्हणजे पैशाचा अडत्याच. फरक एवढाच की हिचा गाळा दिसत नाही, म्हणून तो शोधावा लागतो.

सगळ्यात आधी त्या मुलाला विचारा, गिऱ्हाइकाने पैसे टाकले की माझ्या खात्यात येईपर्यंत ते कुणाच्या खात्यात असतात. तो गडबडला तर तिथेच थांबा. या धंद्यात दोन जाती आहेत. एक नुसती गेटवे, म्हणजे तंत्र पुरवणारी, पैशाला हात न लावणारी. दुसरी ॲग्रिगेटर, जी गिऱ्हाइकाचे पैसे स्वतःकडे घेते आणि मग तुम्हाला देते. दुसऱ्या जातीसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये नियम आणले, पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये ते एकत्र करून नव्याने काढले. बँक नसलेल्या कंपनीला हा धंदा करायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, अर्ज करताना कंपनीची स्वतःची नेटवर्थ, म्हणजे कर्ज-देणी वजा जाता उरणारी मालमत्ता, १५ कोटी रुपये पाहिजे आणि तिसरं आर्थिक वर्ष संपेपर्यंत २५ कोटी. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अट अशी, की तुमच्या गिऱ्हाइकांचे पैसे शेड्यूल्ड बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे, त्यातून कंपनीने आपल्या ऑफिसचं भाडं नि पगार भागवायचे नाहीत. म्हणजे कंपनी उद्या अडचणीत आली तरी तुमचा पैसा तिच्या पैशात कालवला गेलेला नसतो.

परवानगी आहे की नाही हे त्या मुलाच्या तोंडून ऐकायचं नाही, ब्रोशरवरच्या शिक्क्यावरूनही नाही. रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर ॲग्रिगेटरांची यादी आहे, कुणाला परवानगी मिळाली, कुणाला नुसती तत्त्वतः मंजुरी आहे, कुणाचा अर्ज परत पाठवला, सगळं त्यात असतं. तत्त्वतः मंजुरी म्हणजे पूर्ण परवाना नव्हे, हे दोन शब्द मार्केटिंगची मुलं एका दमात बोलतात म्हणून सांगतोय. यादीत शोधताना जाहिरातीतलं नाव टाकू नका, कंपनीचं कागदावरचं नाव टाका. पेटीएम हे नाव सगळ्यांना माहीत पण मूळ कंपनी वन नाइन्टी सेव्हन कम्युनिकेशन्स, असं बऱ्याच जणांचं असतं. खरं नाव करारपत्रात आणि वेबसाइटच्या अगदी तळाला सापडतं, तेच कंपनी मंत्रालयाच्या साइटवर टाकलं की कंपनी कधी स्थापन झाली ते कळतं, जीएसटी नंबरही पोर्टलवर फुकट तपासता येतो. चार महिन्यांपूर्वी जन्मलेली कंपनी "हजारो बागायतदार आमच्याकडे" म्हणत असेल तर तुम्हीच हिशोब करा.

असंही होतं की यादीत नसलेली कंपनी फक्त दलाली करते, मागे काम दुसऱ्या परवानाधारक ॲग्रिगेटरचं असतं. ते बेकायदा असेलच असं नाही, पण मग करार कुणाशी होतोय, पैसे कोण टाकणार, तक्रार कुणाकडे, हे लेखी घ्या. आणि तोपर्यंत आधार-पॅनची झेरॉक्स त्या टॅबमध्ये जाऊ देऊ नका, द्यायचीच वेळ आली तर झेरॉक्सवर तारीख आणि "फक्त अमुक कंपनीच्या पेमेंट सेवेसाठी" असं आडवं लिहून द्या.

आता आंबेवाल्यांची खास गोष्ट, जी कुठल्याच ब्रोशरमध्ये नसते. माझ्या पुतण्याची पावसला बाग आहे. २०२२ च्या सीझनला त्याने एक बरी नावाजलेली, परवाना-बिरवाना बघूनच कंपनी घेतली. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवसाला दोन-तीन ऑर्डरी, मग अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात एकदम चाळीस-चाळीस. कंपनीच्या कॉम्प्युटरला ते संशयास्पद वाटलं आणि त्याचे १ लाख ८६ हजार रुपये अडकले, १९ दिवस. इकडे कामगारांची मजुरी, पेट्यांचे पैसे, टेम्पोवाला दारात. ईमेलला उत्तर यायचं ते सगळ्यांना सारखंच छापील, फोन नंबर नाहीच. शेवटी पैसे पूर्ण आले, कुणी खाल्ले नाहीत, पण त्या १९ दिवसांत पोराने व्याजाने पैसे उचलले ते गेलेच. तेव्हापासून मी म्हणतो की कंपनी चोर आहे का एवढं बघून भागत नाही, अडकलं तर फोन उचलणारा माणूस आहे का हेही बघा. साइन अप करायच्या आधीच त्यांच्या तक्रारीच्या नंबरवर फोन करून बघा, नोडल ऑफिसरचं, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं, नाव वेबसाइटवर असायला हवं. आणि सीझन सुरू व्हायच्या आधी लेखी कळवा, की आमचा माल मार्च ते मे एवढाच विकला जातो, एप्रिलअखेर उलाढाल दहापट होईल. कुरियरच्या पावत्या नि पेट्यांचे फोटो तारीखवार ठेवा, कारण गिऱ्हाइकाने "माल मिळालाच नाही" म्हणून कार्डवरून पैसे परत मागितले तर तुमच्या बाजूने तेवढाच पुरावा. आंबा नासका निघाला म्हणणारे तर असतातच.

करारात "होल्ड" (पैसे रोखणं), "रिझर्व्ह" (काही पैसे राखून ठेवणं), "सेटलमेंट" (पैसे तुमच्या खात्यात टाकणं) हे शब्द कुठे कुठे आलेत ते शोधून तेवढी पानं तरी वाचा. दराचं म्हणाल तर क्रेडिट कार्डाला साधारण २ टक्क्यांच्या आसपास लागतात, वर त्या फीवर १८ टक्के जीएसटी. पण बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून एमडीआर, म्हणजे विकणाऱ्याकडून कापायची फी, शून्य आहे. तुमची बहुतेक गिऱ्हाइकं यूपीआयनेच देत असतील तर मला प्रामाणिकपणे वाटतं की तुम्हाला या मुलाची गरजच नाही, तुमचं खातं आहे त्या बँकेचा क्यूआर घ्या, पैसे मध्ये कुठे मुक्काम न करता थेट खात्यात येतील.

तारकर्लीहून एक होमस्टेवाल्या ताई लिहितात: "एका माणसान फोन केल्यान, मी आर्मीत आसय, धा जणांसाठी चार खोल्यो व्हयेत म्हणान सांगल्यान. ॲडव्हान्स पाठवतंय म्हणालो आणि व्हॉट्सॲपार क्यूआर धाडल्यान, सांगता स्कॅन करून पिन टाका, पैशे जमा होतले. मी अजून करूक नाय. बरोबर मा?"

ताई, शंभर टक्के बरोबर! तो नंबर ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅनही करावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, मग समोरचा आर्मीतला असो की कलेक्टर. आर्मीचं ओळखपत्र, कँटीन कार्डाचा फोटो, हे सगळं तो आपण होऊन पाठवतो, कारण आपल्याला फौजी माणसाबद्दल आदर असतो आणि तो त्याच्यावरच हात मारतो. मला याचा फार राग येतो.

यात पेमेंट कंपनीचा दोष नसतो, ॲप तेच, बँक तीच, म्हणून ॲप कितीही विश्वासाचं असलं तरी या प्रकारात ते तुम्हाला वाचवणार नाही. पूर्वी लोक "रिक्वेस्ट" पाठवून फसवायचे, ती माणसाने माणसाला पैसे मागायची रिक्वेस्ट ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, बंद केली, क्यूआरची युक्ती मात्र चालूच आहे. दुसरं, पाहुणा काउंटरवर "पेमेंट सक्सेसफुल" असा स्क्रीन दाखवतो, तो खोट्या ॲपवर बनवता येतो. त्याचा फोन बघायचाच नाही, आपल्या खात्यात जमा दिसलं की किल्ली द्यायची. तारकर्लीला रेंज गेली तर पाच मिनिटं चहा पाजा, पण बघूनच द्या. आणि कुणाचे गेलेच तर लाज न वाटून घेता लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावायचा, जेवढ्या लवकर तेवढी समोरच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा.

दापोलीच्या एक काकू विचारतात: "मुलगा मुंबईला असतो, तो माझ्या मोबाइलच्या वॉलेटमध्ये दर महिन्याला पैसे टाकतो, त्यातून मी गॅस, लाइटबिल, किराणा करते. आत्ता आठ हजार आहेत. शेजारची म्हणते कंपनी बुडाली तर सगळं जाईल. खरं का?"

काकू, शेजारीण अगदीच चुकीचं बोलत नाहीये. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, फेब्रुवारी २०२० मध्ये तो १ लाखाचा ५ लाख झाला, आपल्या सहकारी बँकांनाही आहे. बँक नसलेल्या कंपनीच्या वॉलेटला तो विमा नाही. वॉलेटचे पैसेसुद्धा कंपनीने एस्क्रो खात्यात ठेवायचे असतात, त्यामुळे ते वाऱ्यावर नसतात, पण विमा वेगळा आणि एस्क्रो वेगळं.

इथे एक घोळ बहुतेक घरांत असतो. यूपीआय ॲप आणि वॉलेट दिसायला एकाच ॲपमध्ये असतात पण आतून वेगळे. यूपीआयने दिलं तर पैसा शेवटच्या क्षणापर्यंत तुमच्या बँक खात्यात असतो, ॲप नुसता निरोप्या. वॉलेटमध्ये टाकला की तो बँकेतून निघून कंपनीकडे राहायला गेला.

हे का सांगतो, तर दोन प्रसंग आपण सगळ्यांनी बघितलेत. ५ मार्च २०२० ला येस बँकेवर निर्बंध आले, ग्राहकाला ५० हजारांपेक्षा जास्त काढता येईना, आणि त्याच रात्री फोनपे बंद पडलं, कारण त्याचा कारभार तेव्हा येस बँकेवर उभा होता. फोनपेची काही चूक नव्हती, साधारण एका दिवसात ते दुसऱ्या बँकेच्या आधाराने परत सुरू झालं. ज्यांचं खातं स्टेट बँकेत किंवा दुसरीकडे होतं त्यांचे यूपीआयचे पैसे आपापल्या बँकेत शाबूत होते, फक्त त्या दिवशी ते ॲप चाललं नाही. दुसरा प्रसंग ३१ जानेवारी २०२४ चा, रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेला नवीन पैसे घ्यायला मनाई केली, मुदत आधी २९ फेब्रुवारी, मग १५ मार्च. आमच्या नाक्यावरच्या दुकानदारांची तेव्हा काय धावपळ झाली. असलेली शिल्लक वापरायला नि काढायला परवानगी होती, लोकांचे पैसे बुडाले नाहीत. ज्यांचा क्यूआर दुसऱ्या बँकेच्या खात्याला जोडलेला होता त्यांना तर फरकच पडला नाही. त्या दिवसांत माझ्याकडे रोज कुणी ना कुणी यायचं आणि मी प्रत्येकाला आधी हेच विचारायचो, तुमचा क्यूआर कुठल्या खात्याला जोडलाय. दहातल्या सात जणांना माहीत नव्हतं.

तर काकू, आठ हजारांसाठी घाबरून जाऊ नका, पण मुलाला सांगा वॉलेटमध्ये नको, सरळ बँक खात्यात पाठव आणि तिथून यूपीआयने देत जाईन. वॉलेटमध्ये ठेवायचेच तर आठवड्याच्या किराण्याएवढे. पोस्टाची पेमेंट्स बँक जवळ असेल तर तीही चालेल, पेमेंट्स बँकेत २ लाखांपर्यंतच ठेवता येतं पण तिथल्या ठेवीला विमा आहे. आणि दोन वेगवेगळ्या बँकांची खाती दोन ॲपना जोडून ठेवा, गणपतीत घर भरलेलं असताना नेमकं एक बंद पडतं.

हर्णै बंदरावरून एका मच्छीमार भावाचा व्हॉइस मेसेज आला, थोडक्यात असा: डिझेलचे ४,६०० रुपये यूपीआयने दिले, खात्यातून गेले, पंपाला पोचलेच नाहीत, पंपवाल्याने परत रोख घेतले. ॲपवाले म्हणतात बँकेत जा, बँक म्हणते ॲपला विचारा.

या टोलवाटोलवीला तोड आहे. सप्टेंबर २०१९ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे. दुकानदाराला यूपीआयने दिलेले पैसे कापले गेले नि पोचले नाहीत तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता. माणसाने माणसाला पाठवलेले असतील तर मुदत एकच दिवस. तुम्ही ॲपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवा, तक्रारीचा नंबर आणि व्यवहाराचा १२ आकडी नंबर कागदावर लिहून आपल्या बँकेच्या शाखेत द्या आणि पोच घ्या. पोच नक्की घ्या, बोटीवर जायची घाई असली तरी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते, माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. एक विनंती, ॲपचा कस्टमर केअर नंबर गूगलवर शोधू नका. तिथे भामट्यांनी टाकलेले नंबर असतात आणि पैसे परत मिळवायला गेलेला माणूस उरलेलेही घालवून बसतो. नंबर ॲपच्या आतून किंवा पासबुकावरून घ्या.

सावंतवाडीच्या चितारआळीजवळून एक तरुण लिहितो: "आमची लाकडी फळं, खेळणी परदेशातले लोक इन्स्टाग्रामवर बघून मागतात. पैसे घ्यायला परदेशी कंपनी घ्यावी की भारतीय? परदेशी मोठ्या असतात, त्या बुडणार नाहीत ना?"

बाळा, मोठी म्हणून बुडणार नाही असं समजू नकोस. जर्मनीत वायरकार्ड नावाची पेमेंट कंपनी होती, २०१८ पासून तिथल्या सर्वांत मोठ्या ३० कंपन्यांच्या शेअर निर्देशांकात होती, मोठ्या ऑडिटरची सही ताळेबंदावर. जून २०२० मध्ये कळलं की ताळेबंदातले १९० कोटी युरो अस्तित्वातच नाहीत, आठवड्याभरात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. इंग्लंडमध्ये तिच्या यंत्रणेवर चालणारी प्रीपेड कार्डं काही दिवस गोठली, लोकांच्या घरखर्चाचे पैसे त्यात. दुसऱ्याच देशातल्या कंपनीमुळे आपलं कार्ड बंद पडलंय हेही त्यातल्या बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

परदेशातून माल-सेवेचे पैसे आणणाऱ्या ॲग्रिगेटर कंपन्यांनाही ऑक्टोबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते, तेव्हा वर देवगडच्या दादांना सांगितलेली यादी तूही बघ, त्यात "क्रॉस बॉर्डर" असा वेगळा भाग आहे. पेपालचं नाव तू ऐकलं असशील, त्यांनी भारतातल्या भारतातले व्यवहार एप्रिल २०२१ पासून बंद केले, परदेशातून येणारे मात्र घेतात. गिऱ्हाइकाला नाव ओळखीचं असतं हा मोठा फायदा, अनोळखी सावंतवाडीच्या पोराला पैसे पाठवताना त्यालाही भीती असतेच ना. पण तीन गोष्टी आधी वाच. एक, डॉलरचा भाव ती कंपनी स्वतःचा लावते, फीपेक्षा कधी कधी तिथेच जास्त कापलं जातं, तेव्हा १०० डॉलरचे हातात किती रुपये आले तेवढंच मोज. दोन, वाद झाला की खातं मर्यादित करून पैसे १८० दिवसांपर्यंत अडकवायची तरतूद त्यांच्या अटींत आहे. तीन, प्रत्येक रकमेमागे बँकेकडून परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र मिळतं का, ते जीएसटी नि निर्यातीच्या कागदांना लागतं. ट्रॅकिंग नंबर नसलेल्या पार्सलचा वाद तू हरणारच, थोडे पैसे वाचवायला साध्या टपालाने पाठवू नकोस.

पहिल्या महिन्यात दोन-तीन लहान ऑर्डरी दोन वेगवेगळ्या कंपन्यांमधून घेऊन बघ, गिऱ्हाइकाने किती दिले, खात्यात किती पडले नि कुठल्या तारखेला, एका वहीत मांड आणि तो कागद मला पाठव. तुझ्यासारखं विचारणारी आणखी दोन पत्रं कुडाळहून आलीयत, त्यांना तुझे आकडे दाखवता येतील.